अडवलेलं विमान

सोमवार, ४ मार्च
अडवलं! रुग्णविमानाच्या कागदावर मी सही केली नाही. पंखाच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली. भेग असली तर पंख हवेतच तुटेल. तिकडे डोंगरापलीकडच्या गावात शाळेतल्या एक बाई बाळंतपणात अडलेल्या, इकडे भाऊ उडायच्या तयारीत. "ताई, ओरखडा आहे गं तो! रंगाचा ओरखडा!" तो वैमानिक, मी तपासनीस — घरी माझं एक ऐकत नाही, इथे ऐकावंच लागतं. बाईंना मोटारीने इस्पितळाकडे काढलं. सात तासांचा रस्ता.

मंगळवार, ५ मार्च
बाई वाटेतच गेल्या. मूल जगलं.

गुरुवार, ७ मार्च
पंखाचा तो सांधा उतरवून तपासायला पाठवला. साहेब म्हणाले, "तुम्ही नियमाने वागलात." बोलताना नजर खिडकीबाहेर.

बाकी सगळं नेहमीसारखं चालू. फवारणीच्या विमानात एकच खुर्ची, वैमानिकाची. शिकाऊ विमानात दोन. माणूस आडवं होणार कुठे? टपालाचं विमान पोती वाहतं. ते भलं, त्याचं काम भलं. सोमवारी यातलं कुठलंच उपयोगाचं नव्हतं — हेच दिवसभर मनाशी घोकते आहे.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. जेवताना आईला म्हणतो, "तिला मीठ द्यायला सांग." मी हातभर अंतरावर!

रविवार, १० मार्च
भेग असू दे. देवा, भेगच असू दे! — काय मागते आहे मी.

शुक्रवार, १५ मार्च
भेगच होती! आत बोटभर खोल. उडाले असते तर भाऊ, नर्स, बाई — कुणीच परतलं नसतं. माझा जीव भांड्यात पडला. भाऊ शेडमध्ये आला, उगाच पाना हातात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, वाचवलंस गं मला." मी चांगली हुंदके देऊन रडले. रात्री मीठ त्याने माझ्याकडेच मागितलं.

शनिवार, १६ मार्च
टपालाचं विमान चालवणारे काका डोंगरापलीकडून आले. आठवड्यातून तीनदा जातात तिथे. या वेळी कुणाचं तरी कपाट आणलं होतं, आडवं निजवून! आम्ही चौघं मिळून ते उतरवत होतो. काका खुशीत — "पोती बाहेर काढली की दहा मिनिटांत जागाच जागा! पत्रं पोचवता पोचवता आता लोकांचे संसारही पोचवतो." सगळे हसले. मीही हसले.

मग कपाटाचा कोपरा माझ्या हातातून सुटला. ४ तारखेला हे विमान शेजारच्याच शेडमध्ये उभं होतं. तपासलेलं, इंधन भरलेलं. त्याच्या कागदावर सकाळी मीच सही केली होती.

रविवार, १७ मार्च
सुट्टी असून गेले. टेप लावून मोजलं. टपालाच्या विमानात स्ट्रेचर बसतं. वर वीतभर जागा उरते.