दाजींना, गाडीतल्या मंगलाष्टकांविषयी

सातारा,
मंगळवार, भर दुपारी

आदरणीय भाऊसो दाजी यांना साताऱ्याहून नानासोचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा माधवनगरच्या घराचा जिना चढू देतो का? अंजनाची साखर आटोक्यात आहे, की लग्नाचे लाडू 'नुसते चाखून' बघणं सुरूच आहे? (सख्खी धाकटी बहीण आहे, मला माहीत आहे.) इकडे सगळे ठीक. फक्त माझे कान जरा जास्तच बरे झालेत आणि हे पत्र त्यामुळेच लिहावं लागतंय.

गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही दोनदा घसा साफ करून मला सांगितलंत की प्रियदर्शनीच्या लग्नात मंगलाष्टका म्हणायला एक गायिका बाई ठरवल्या आहेत, तेव्हा मामांनी या वेळी निवांत बसावं. मी फोन ठेवला. आपटणार होतो, पण मोबाईल नवा आहे. सख्ख्या भाचीच्या लग्नात मामाने निवांत बसायचं? अहो, तेहतीस वर्षांपूर्वी तुमच्याच लग्नात, पलटणीतून खास रजा काढून येऊन, मी मंगलाष्टका म्हटल्या होत्या. त्याची कॅसेट आहे. त्या कॅसेटच्या जोरावर आजवर साठेक लग्नांत मी माईक हातात घेतला (कुणी दिला असं नव्हे, घेतला). शिवाय माझ्या आवाजामागे अंजनाचे हुंदके ऐकू येतात, हे मी भेटेल त्याला सांगत आलो आहे. नवरीला रडवणारा आवाज म्हणजे काय चेष्टा आहे? म्हणून ठरवलं, की ती कॅसेट तुम्हाला नव्या गाडीत बसवून उत्तमातल्या उत्तम आवाजात ऐकवायची, म्हणजे त्या बाई आपोआप रद्द होतील.

आता गाडीचं सांगतो. आमची जुनी डिझेल जीप तुम्ही जाणता. वीस वर्षं तिच्यात ही कॅसेट वाजली आणि वीस वर्षं मी मोठा गायक होतो. इंजिन मला किती सांभाळून घेत होतं, हे तेव्हा कळलं नाही. दिवाळीत ही बॅटरीवरची गाडी घेतली. हिला आवाजच नाही. चालू झाली की नाही, हे विचारायला मी शोरूमला दोनदा फोन केला. कॅसेट एका फोटोवाल्याकडून पेनड्राइव्हवर भरून घेतली, मोठ्या ऐटीत लावली, आणि काय सांगू, इंजिनाचा आवाज गेल्यामुळे बाकीचे सगळे आवाज उघडे पडलेले. टायरची घूंघूं, काचेवरचा वारा, डॅशबोर्डात कुठेतरी खुळखुळ, आणि शेजारच्या सीटवरून सौ.ची माझ्या गाण्याविषयीची मतं, जी जीपमध्ये मला कधी ऐकूच आली नव्हती. मधेच माझाही आवाज येत होता, पण तो माझा वाटेना. साहजिकच मी ठरवलं, की गाडीत दोष आहे.

इथे एक कबुली देतो. तुमच्या घराजवळच्या विश्रामबागेत तुम्हाला माझी गाडी दिसली आणि तुम्ही फोन केलात, तेव्हा 'पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत का' असं मी म्हणालो, ती माझीच गाडी होती. तिथे सिद्धू म्हणून गाडीला स्पीकर बसवणारा एक पन्नाशीचा गृहस्थ आहे. त्याच्याकडे मी चार वेळा आलो आणि बहिणीच्या घरी चहालाही न टेकता परत गेलो. सिद्धूने चारी दारं आतून उघडली, पत्र्याला काळी जाड शीटं चिकटवली, नवे स्पीकर बसवले, डिकीत वूफर ठेवला (आता डिकीत पिशवी मावत नाही). मग ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डास गुणगुणायला लागला. तो घालवण्यात दोन दिवस गेले. ब्लूटूथने आवाज चेपतो म्हणून ते बंद. एवढं सगळं झाल्यावर निष्पन्न झालं, की सर्वांत चांगला आवाज फक्त ड्रायव्हरच्या सीटवर, काचा बंद, पंख्याची घरघर नको म्हणून एसी बंद, आणि गाडी जागेवर उभी असताना येतो. म्हणजे हिंडण्यासाठी घेतलेली गाडी मी मे महिन्याच्या उन्हात अंगणात लावून आत घामाघूम बसू लागलो. परवा शेजारचे निवृत्त सुभेदार काचेवर टकटक करून विचारत होते की दार अडकलंय का.

दाजी, यंत्र जसजसं सुधारत गेलं, तसतसा गायक बिघडत गेला. 'सावधान' हा एक शब्द मी तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हटलाय, तोही एका दमात. पण मी खचलो नाही. मला छळत होती ती मधली तडतड. प्रत्येक कडव्यात येते. सिद्धूने त्यापायी एक स्पीकर बदलला, वायर बदलली, आणि शेवटी डोळे मिटून नीट ऐकून म्हणाला, "आवं सायेब, स्पीकर चांगला हाय. कुनीतरी माईकवर तांदूळ मारतंय, आन् त्येबी नेम धरून." अक्षता, दाजी! नवरा-नवरी दोन हात लांब उभे असताना अख्खा मांडव माझ्यावर अक्षता टाकत होता, कडवं संपायची वाटही न बघता.

तरी हुंदके होते ना? परवा दुपारी ते ऐकायला मी एकटाच गाडीत बसलो. स्वच्छ ऐकू आले. ती रडत नव्हती. आमची अंजना अंतरपाटाआड तोंड दाबून हसत होती आणि तिच्या बरोबरीने एक पुरुषी आवाजही हसत होता. अंतरपाटापलीकडे तुमच्याशिवाय दुसरं कोण उभं होतं, हे मी विचारत नाही.

आणि मग शेवटच्या कडव्याच्या शेवटच्या ओळीखाली, माईकच्या अगदी जवळ, तुमचे सासरे, आमचे आबा बोलले. आधी म्हणाले, "आवरा रं त्येला कुनीतरी." आणि लगेच, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. भैनीचं लगीन हाय. गाऊ दे त्येला."

आबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. फोटो आहेत, पटका आहे, चष्मा आहे, पण त्यांचा आवाज घरात कुठेच नाही, असं मी नेहमी हळहळून म्हणायचो. तो होता. तेहतीस वर्षं माझ्याच आवाजाखाली दबून होता. मी ते एवढंच परत परत लावत बसलो आणि रडलो. एसी बंद असल्याचा एक फायदा म्हणजे घाम कुठला आणि बाकीचं काय, ते बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. सौ. ताक घेऊन आली, काच खाली करायला लावली, तिनेही ऐकलं, आणि माझं गाणं परत लावायला प्रथमच स्वतःहून सांगितलं.

तर दाजी, तुम्ही जिंकलात. त्या बाईंनाच गाऊ द्या. मामाची जागा भाचीच्या पाठीशी असते, मी तिथे तोंड मिटून उभा राहीन. साठ लग्नांतल्या लोकांची माफी कशी मागायची, ते मात्र सुचवा.

अंजनाला व प्रियदर्शनीला अनेक आशीर्वाद. गुडघा जपा.

तुमचा मेव्हणा,
नानासो

ता. क. अंजनाला हसण्याविषयी विचारू नका. विचारलंत, तर ती पुन्हा हसेल.

ता. क. दुसरा. खरं काम हे. मूळ कॅसेट तुमच्या कपाटात असेल. माझ्याकडे आहे ती मी तिच्यावरून भरून घेतलेली, आणि माझं गाणं संपताच पुढे ऐकण्यासारखं काय असणार म्हणून मी तिथेच बटण दाबलं होतं. आबा पुढे म्हणतात, "त्येचा आवाज लय..." आणि टेप संपते. लय काय, दाजी? कॅसेट शोधा. मी उद्याच निघतो. या वेळी चहालाही थांबेन.

ता. क. तिसरा. एकच कडवं. अगदी शेवटचं, आणि तेही बाईंचा घसा बसला तरच. आबांची परवानगी आहे. खोटं वाटत असेल तर गाडीत बसून ऐका, फक्त एसी बंद ठेवावा लागेल.