निळ्या बॅरलमधल्या अळ्या

२ सप्टेंबर

पुन्हा मासे मेले! मनकर्णाबाईंच्या पाण्याच्या बॅरलमध्ये परवाच अळ्या खाणारे गप्पी सोडले होते. आज सगळे पोट वर करून तरंगत होते. डासांच्या अळ्या मात्र खुशाल वरखाली करत होत्या. 'तुमचं सरकारी मासं बी आजारीच!' मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांची सून निकिता डेंगीनं दवाखान्यात, आणि मी मासे घेऊन दारात. त्यांच्या जागी मी असते तर ती पिशवी माझ्या अंगावर फेकली असती.

केडगावच्या या गल्लीत माझं काम म्हणजे अळ्या शोधायच्या आणि सांगत फिरायचं – कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा. नळाला पाणी येतं चार दिवसांनी. कोण ओतणार? मी तरी ओतेन का? स्वतःच्याच बोलण्याचा कंटाळा आलाय.

५ सप्टेंबर

संध्याकाळी फवारणीवाल्या रशीदभाईंनी डिझेलमध्ये औषध मिसळून डासांचा धूर मारला. नेहमीसारखी मी पुढे चालत ओरडत होते – 'दारं-खिडक्या उघड्या ठेवा!' धूर विरला आणि डास पुन्हा कानाशी. मनकर्णाबाई भर गल्लीत सुरू झाल्या, 'ह्यो औषध इकून खातो आन् आमाला निस्तं डिझेल मारतो! सून पडून हाय माजी!'

मी मधे पडले, तर भांडण वाढलंच. रशीदभाई खाली बसून मशीन पुसत राहिले. फार वाईट वाटलं.

६ सप्टेंबर

ऑफिसात साहेब म्हणाले, 'जयाताई, रशीदभाईंविरुद्ध लेखी तक्रार आलीय. कंत्राटी माणूस आहे, बदलून टाकू. विषय संपेल.' विषय संपेल म्हणे! नवा माणूस तोच धूर मारणार. 'आधी डास औषधानं मरतात का ते तपासते,' म्हटलं. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले – मेहेरबानी.

११ सप्टेंबर

बॅरलमधल्या अळ्या एका ट्रेमध्ये, शेजारच्या सिमेंटच्या हौदातल्या दुसऱ्या ट्रेमध्ये. डास झाले की औषध लावलेल्या कागदाच्या नळीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी कोण जिवंत ते बघायचं. तोवर रोज खायला घाला. पाठीचं भुस्काट झालंय. नवरा म्हणतो, 'डासांना वाढून झालं असेल तर आम्हालाही वाढ.' खूप दिवसांनी हसले.

१३ सप्टेंबर

आज धूर इतका दाट की समोरचं घर दिसेना. मनकर्णाबाई खूश – 'आता कसं! बोललं की व्हतंय.' रशीदभाईंचे डोळे लाल, खोकला थांबत नव्हता. 'तोंडाला फडकं बांधा हो,' म्हटलं. 'बांधतो की, ताई.'

१८ सप्टेंबर

हौदातले डास मेले. बॅरलमधले बरेचसे नळीत ऐटीत बसलेले! एकच गल्ली, एकच औषध. म्हणजे गडबड बॅरलमध्ये आहे. रशीदभाईंची नाही.

१९ सप्टेंबर

मनकर्णाबाईंना विचारलं, बॅरल कुठून आणलं? – 'भंगारवाल्याकडनं. समद्या गल्लीनं तिथनंच घेतल्यात. लई मजबूत हायेत.' भंगारवाला म्हणाला, एका प्लेटिंगच्या कारखान्यातली आहेत. तिथे पार्टांवर तांब्याचा, निकेलचा मुलामा चढवतात. त्याचं रसायन या बॅरलांतून येतं. आणि आपण एकदा विसळून पाणी भरतो! आत हात घातला तर तळाला हिरवट थर. नखाला लागला.

२६ सप्टेंबर

कॉलेजातल्या आदिनाथ सरांनी पाणी तपासून दिलं. तांबं भरपूर. मासे त्यानंच मेले. अळ्या तगल्या. सर म्हणाले, 'तांबं सोसता सोसता त्यांच्या अंगात विष मोडायची ताकद वाढली असणार. मग तुमचं औषधही त्या मोडतात.' म्हणजे आपणच त्यांना तालीम दिली!

साहेबांना सगळं दाखवलं. 'बॅरलं काढायला लावा, माणूस राहू दे,' म्हणाले. लोकांनी मग पाणी कशात भरायचं, विचारलं – तर नेमका फोन आला त्यांना. असो. रशीदभाई राहिले. निकिताही घरी आली, अशक्त आहे, ओट्यावर बसलेली असते. आज झोप लागेल.

२७ सप्टेंबर

रशीदभाईंना टपरीवर चहा पाजला. सांगितलं, तुमचं औषध बरोबर होतं, डासच निबर झालेत, तुमच्यावरचा आळ गेला. खूश होतील वाटलं. त्यांना खोकल्याची उबळ आली, बशीतला चहा सांडला.

'बरोबर न्हवतं, ताई. चोर म्हनले त्या दिसापासनं मी औषध डबल टाकतोय. धूर दाट दिसला की कुनी बोलत न्हाई.'

डबल विष. दर फेरीला. आणि पुढे मी ओरडत – 'दारं-खिडक्या उघड्या ठेवा!'