शालू दार लावून धुजो

जबलपूर,
ता. २८ मार्च १९५४, रविवार

चि. कोकिळास घनश्यामचा आशीर्वाद. मायच्या पाया पडतो म्हणून सांगजो. मी इकडे धडधाकट आहे, दोन वेळ जेवतो, उन्हाचा तेवढा त्रास आहे. तिकडे चहाची भट्टी पेटत असेल, मोटारी थांबत असतील, तुमचं बरं चाललं असेल असं धरून पुढचं लिहितो.

तुझं लग्न पिपरीले जमल्याचं पत्र भेटलं. रूपराव वर्ध्याले कापसाच्या काट्यावर आहे म्हणजे सावलीतलं काम. बरं झालं. तू लिहितेस की मांडवात बसायले मामाचं लुगडं लागते अन् मामा तर राह्यला नाही, मग कसं करायचं. काऊन फिकीर करतेस? मामाच्या जागी मी आहे. या पत्रामागून पार्सल येईल. त्यात बनारसी शालू आहे, डाळिंबी रंगाचा, जर खरी.

आता हे तुलेच सांगतो, मायले नको. शालू नवा नाही. इथं एक म्हातारा जुने जरीचे कपडे घेते, काठ कापते, जाळते अन् चांदी काढून विकते. त्याच्या कैचीखालून म्या हा ओढून आणला. नवा घ्यायची माझी ऐपत नाही, तुले काय लपवू. कोण्या बाईनं लग्नातच नेसला असेल. तिच्या हळदीची बोटं अजून पदरावर आहेत. संदुकीचा वास येते. पण धुतला की कोणाच्या बापाले समजणार नाही.

धुवायले बाहेर टाकू नको. लॉन्ड्रीवाला तुझ्या घरचाच आहे. मी आता इथं कारागीर आहे, छावणीतल्या साहेबांचे गरम कोट माझ्या हातून जातात. मायले हे आठवणीनं सांगजो. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनातून पळालो, नागपूरच्या हॉटेलातून पळालो, तेव्हा ती म्हणाली होती, हा पोट्टा एका जागी बूड टेकणार नाही. टेकलं म्हणा.

रीत अशी. रिठे फोडून बी फेक, टरफलं भिजत टाक, मग कुस्करून पाणी गाळून घे. पाणी कोमट पाहिजे, बोट सुखानं राहील एवढंच. त्यात शालू दाबून दाबून धुजो. चोळू नको, पिळू तर मुळीच नको, जर मोडते. साबण लावशील तर हळद लाल होईल, मग बसशील रडत. हळद उन्हाले भिते. ओला शालू उलटा टाक, त्यावर धोतर झाक, डाग तेवढा उघडा ठेव. दोन उन्हात उडते.

कसा झाला ते लिहिजो.

तुझा दादा,
घनश्याम


जबलपूर,
ता. १९ एप्रिल १९५४, सोमवार

चि. कोकिळास आशीर्वाद. पत्र पोचलं. मायचा गुडघा दुखते हे वाचून वाईट वाटलं, तिले भट्टीसमोर उभं राहू देऊ नको. मी लग्नाच्या चार दिवस आधी येतो, मग मांडवाचं सारं मी पाहीन.

हळद उडाली हे बेस झालं. तू लिहिलंस, 'दुसरीची हळद उन्हानं खाल्ली, आता माझी लागायले जागा झाली.' हे वाचून मी हसलो, तर इस्तरीवाला म्हणे काय झालं, म्या म्हटलं घरचं आहे. त्या बाईनं शालू काऊन विकला असेल ते मले कसं माहीत? नको विचार करू.

आता तुझा तो तेलाचा डाग. तळहाताएवढा आहे म्हणतेस, पदराच्या मधोमध. बेसन लावलं, राख लावली, गेला नाही. तो तसा जातच नाही. अन् पिपरीहून आनंदाबाई, तुझी होणारी सासू, लग्नाचे कपडे पाहायले येऊन राह्यली म्हणजे पदर तर ती पहिले उलगडणार.

तेलाले पेट्रोल पाहिजे. आमच्याकडे गरम कोट, रेशमी झगे, सारं पेट्रोलनंच धुतात. पाणी लागत नाही, रंग जात नाही, डाग पाहता पाहता सुटते. तुले ते शोधायले जायची गरज नाही, दारात उभं असते. भैयाजी ड्रायव्हर जबलपूरचा माल घेऊन आपल्याच रस्त्यानं हैद्राबादेले जाते, जामच्या फाट्यावर आपल्याकडे चहा पिते. त्याले दोन कप जास्त पाजजो अन् बाटलीभर मागजो. माझं नाव सांग, देईल.

पितळेच्या मोठ्या गंजात ओत, पदर बुडव, हातानं हलव. अन् शालू दार लावून धुजो. बाहेर मोटारींची धूळ असते, ओल्यावर बसली की मेहनत गेली. दुसरं म्हणजे पेट्रोलचा वास सुटते. लोक विचारतील ही पोरगी काय करून राह्यली, अन् शालू जुना आहे हे पिपरीपर्यंत जायले वेळ लागणार नाही. माय कुठं बाहेर गेली म्हणजे कर. निवांत कर.

डाग गेला की मले एका ओळीचं कार्ड टाक. घाबरू नको, हे माझं रोजचं काम आहे.

तुझा दादा,
घनश्याम, कारागीर


हे आधी वाच.

पेट्रोल वापरू नको. बाटली उघडू नको. जशी आहे तशी घराबाहेर ने, भट्टीपासून लांब, वावरात. चुलीत, कंदिलात, कोणाच्या बिडीले, कुठंच विस्तव नको. शालू डागासकट राहू दे.

जबलपूर,
ता. ३० एप्रिल १९५४, शुक्रवार, दुपार

कोकिळा,

वरचं वाचलं असशील तर आता बस. पुढचं हळू वाचलं तरी चालते.

आज शुक्रवार आहे हे मले माहीत आहे. तुझं पत्र काल आलं. 'शुक्रवारी माय शेजारच्या अनुसयाबाईसंगं बांगड्या पाहायले हिंगणघाटले जाईल, तेव्हा दार लावून धुते. किती वेळ भिजत ठेवू तेवढं कळव.' असं तू लिहिलंस. कळवायले वेळच नव्हता, तरी विचारलंस. दादाले सारं येते असं तुले वाटते.

मले येत नाही. मी कारागीर नाही कोकिळा. मी इस्तरीत कोळसे भरतो, फुंकतो, पेटली की इस्तरीवाल्याच्या हातात नेऊन देतो. दिवसभर हेच. पेट्रोलचं काम रामाजी करतात, नागपूरकडचे, म्हातारे आहेत. त्यांची खोली मागं आहे. तिथं मले जायची मनाई आहे. काऊन मनाई आहे हे कोणी सांगितलं नाही, म्याही विचारलं नाही. मले वाटे, मी त्यांचा हुन्नर चोरीन म्हणून. दुरून दारातून जे दिसलं तेवढं तुले लिहून पाठवलं. दार लावायचं मात्र माझ्या मनचं. त्यांचं दार उघडं असते, खिडकीही उघडी असते.

काल दुपारी तुझं पत्र माझ्या खिशात होतं अन् हातात पेटती इस्तरी होती. जाता जाता रामाजीले विचारून घेऊ म्हटलं. दारापाशी गेलो. ते पेट्रोलच्या टपावर वाकले होते. म्या म्हटलं, रामाजी, रेशमाले किती वेळ ठेवता? त्यांनी मान वर केली, माझ्या हाताकडे पाहिलं अन् उठायले लागले. टप चार हात लांब होता. म्या काही टाकलं नाही, काही सांडलं नाही. आग माझ्या पायापासून निघाली अन् जमिनीवरून त्यांच्याकडे पळत गेली. एवढंच दिसलं मले. मग सारी खोली पिवळी झाली.

घोंगड्या टाकून विझवले त्यांना. दोन्ही हात अन् छाती भाजली. मले काही झालं नाही. भुवया गेल्या, बस.

मले चौकीत नेलं. तिथं जायची मनाई असताना कशाले गेला, असं ते फिरून फिरून विचारत होते. म्या सांगितलं, बहिणीच्या शालूचं विचारायले गेलतो. एक शिपाई हसला. आज बारा वाजता सोडलं. रामाजीचा जबाब होईपर्यंत जबलपूर सोडायचं नाही असं बजावलं आहे.

सुटलो तो सरळ दवाखान्यात गेलो, रामाजीले तुझ्या शालूचं सारं सांगितलं. मले वाटलं, शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "तिनं धुतला काय?"

"आज धुणार आहे."

"कुठं?"

"घरात. दार लावून."

"अन् इस्तो?"

म्या सांगितलं, समोर चहाची भट्टी, मधात बांबूच्या तट्ट्याची भिंत, मागं आम्ही राहतो. भट्टी सकाळी पेटते ते दिवस बुडेपर्यंत विझत नाही.

ते डोळे मिटून पडले. मग म्हणाले, "तो नुसता वास नसते बापू. हवेत ते पेट्रोलच असते. जमिनीले धरून चालत जाते, फटीतून जाते. जा, काही कर."

काय करू, कोकिळा? तारघरात गेलो. बाबूनं इंग्रजीत लिहिली तार. म्या तीनदा विचारलं की पेट्रोल शब्द घातला ना, तर तो चिडला. हिंगणघाटपर्यंत आज जाईल म्हणे, तिथून जामले माणूस उद्या नेईल. उद्या. अन् तिथं वाचणार कोण? शाळेचे मास्तर सुटीत गावाले गेले असतील. माय तर तारेचा कागद पाहूनच माझ्या नावानं रडायले बसेल. बसू दे. मी मेलो असं वाटून का होईना, सारे घराबाहेर येतील.

मग मोटार अड्ड्यावर आलो. भैयाजी निघायच्या तयारीत होता. त्याले विचारलं, पेट्रोल दिलं काय रे माझ्या बहिणीले? तो खुशीत म्हणाला, "एक मागितली होती, म्या दोन बाटल्या दिल्या. लग्नाचं घर आहे."

तो उद्या जामले पोचेल. हे पत्र त्याच्याजवळ देऊन राह्यलो. मीही चढलो होतो त्याच्या गाडीत. आतापर्यंत जिथून मन उठलं तिथून पळालो, कोणी हात धरला नाही. आज पहिल्यांदा घराकडे पळायचं होतं. पण मी गेलो तर शिपाई मागोमाग येतील, तुझ्या मांडवातून मले नेतील. अन् रामाजी तिथं पडून आहेत, त्यांना पाणी पाजायले कोणी नाही. उतरलो. उतरून बरं केलं की वाईट, मले समजत नाही. आज गेलो असतो तरी उद्याच पोचलो असतो.

तुले लहानपणी सांगितलेलं एक काम तू वेळेवर केलं नाहीस. पाणी आण म्हटलं तर आंब्याखाली बसून राहायचीस. माय झाडू घेऊन मागं धावे. आज तशीच वाग माझी बाई. कंटाळा कर. शेजारची कोणी गप्पा मारायले येऊ दे. मायचा गुडघा दुखू दे अन् तिचं जाणं राहू दे. अड्ड्यावर बसून मी हेच घोकून राह्यलो.

डागाचं आता काही वाटून घेऊ नको. आनंदाबाई आली की तूच पदर उलगडून दाखव. सांग, माझ्या भावाची ऐपत नव्हती, त्यानं जुना आणला. ती नाक मुरडेल. मुरडू दे. लग्न मोडते म्हणाली तर मोडू दे. तू सुखरूप असलीस म्हणजे झालं.

भैयाजी आठ दिवसांनी परत येईल. तो येऊन सांगेल की घरी सारं ठीक आहे. तसंच सांगतात, परगावी असलेल्याले दुसरं कोण काय सांगते. मामा गेला तेव्हा मलेही तुम्ही असंच लिहिलं होतं, की जरा बरं नाही. म्हणून त्याचं म्या ऐकणार नाही. मास्तरच्या हातचं पत्र आलं तर तेही मानणार नाही.

या पत्रात एक कोरं कार्ड ठेवलं आहे. त्यावर माझा पत्ता म्या मुद्दाम लिहिला नाही. तो तू लिही. मजकूर नको, माझ्यावर रागावली असशील तर एक अक्षर नको. फक्त पत्ता, तुझ्या हातचा. उजव्या हाताले काही झालं असेल तर डाव्यानं लिही. वेडंवाकडं आलं तरी मी ओळखीन.

भैयाजीनं गाडी सुरू केली. पत्र मागून राह्यला. देतो.

घनश्याम