आप्पांच्या पायाचे टाके

दादा,

फोन उचलत नाहीस, मग आता वाच. शब्द द्यायचा आणि फिरवायचा, तुझं नेहमीचंच! टाके घालायचा व्हिडिओ मी फक्त केळीच्या सालीवर हात बसवायला, तसा तुझा शब्द घेऊन पाठवला होता, आप्पांच्या पायाची जखम शिवायला नाही. वर मला म्हणालास, "सगळं ठीक आहे." पाय सुजलाय हे आईकडून कळलं.

व्हिडिओत फक्त डॉक्टरांचा हात दिसतो. त्याआधी मी इथे इस्पितळात हत्यारं धुऊन जंतू मारायला वाफेच्या यंत्रात ठेवतो, ते दिसत नाही. तू सुई कशाने धुतलीस रे?

मी मजेत आहे. जेवतो वेळेवर. आईचा खोकला कसा आहे?

पत्र मिळताच आप्पांना दवाखान्यात ने आणि टाके कुणी घातले ते तिथल्या डॉक्टरांना खरं सांग.

तुझाच, अजून तरी,
धाकटा

ता.क. पैसे या वेळी आईच्या नावावर पाठवलेत. चार हजार.