ढब्बीचं खरं वजन

प्रिय ठमे,

ढब्बी जिवंत आहे, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. नुसती जिवंत नाही, आज सकाळी औषध पाजताना माझ्या मनगटावर दोन लांब ओरखडे काढलेत. मी ते बाही वर करून शेजारच्या न्हाव्याला दाखवून आलो. गेल्या आठवड्यात फोनवर सगळं ठीक आहे म्हणालो, ते खोटं होतं. बोलायला गेलो की माझा गळा दाटतो आणि मग तू घाबरतेस. म्हणून लिहितोय. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घे.

महिन्यापूर्वी तिनं खाणं टाकलं. वाटीशी यायची, वास घ्यायची आणि माझ्याकडे असं बघायची की जणू मीच काही चुकीचं वाढलंय. तुझ्या आईनं शिवणाच्या पिशवीत घालून आणलेलं ते मांजरीचं मुठीएवढं पिल्लू आता सतरा वर्षांचं झालं, हे मला कळत होतं, पण वळत नव्हतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. दिवसातून दहा वेळा तिच्या पोटाला कान लावायचो. दुकानातल्या मोठ्या तराजूत तिला रोज सकाळी तोलायला लागलो. जन्मभर लोकांचे तराजू आणि काटे दुरुस्त केले, तेवढंच मला येतं. दाराच्या मागे खडूनं वजन लिहून ठेवायचो. आकडा रोज थोडा थोडा उतरत होता.

जनावरांची डॉक्टर तुझ्याच वयाची आहे. तिनं आडपडदा ठेवला नाही. आतड्याला गाठ आहे, म्हणाली. काढली नाही तर दोन-तीन आठवडे, तेही हाल होऊन. काढायची तर भूल द्यावी लागेल आणि या वयात, असल्या किडन्या घेऊन, ती भुलीतून उठेलच असं नाही. आशा निम्मी धरा. मग तिनं माझ्या हातात संमतीचा कागद दिला आणि घरी जाऊन विचार करा म्हणाली.

चार दिवस तो कागद गल्ल्यावर दोन किलोच्या वजनाखाली पडून होता. मी दुधवाल्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, काटा दुरुस्तीला घेऊन आलेल्या भाजीवाल्या बाईला विचारलं. न्हावी तर अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासमोर म्हणाला, काका, सतरा वर्षांच्या मांजरीचं ऑपरेशन करताय, आता तिला कवळीही बसवून आणा. सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र भाकरी तशीच झाकून ठेवली. चौथ्या दिवशी मी तिला तोलायला घ्यायच्या आधीच ती स्वतः तराजूजवळच्या स्टुलापाशी आली. पूर्वी रोज स्वतःच उडी मारून पारड्यात बसायची, तुला आठवत असेल. त्या दिवशी पुढचे दोन पाय स्टुलावर ठेवले, मागचे उचलेनात. तरी ती मागे हटली नाही, तशीच उभी राहिली. तिला अजून चढायचं होतं, ठमे. मग मी कोण नको म्हणणारा?

दुसऱ्या दिवशी टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. कागद बिनसहीचाच खिशात होता. तिथल्या मदतनिसानं तिला काट्यावर ठेवलं, तीन किलो दोनशे म्हणून आकडा लिहिला आणि उचललं. आता बघ, जगातली सगळी माणसं काटा बघतात ते माल वर असताना. आमच्या धंद्यात माल उतरल्यावर बघतात. ढब्बी त्याच्या हातात होती, काटा रिकामा होता, आणि आकडा चारशेवर थांबलेला. सकाळी घरच्या तराजूत ती दोन किलो आठशे भरली होती. मी म्हणालो, काटा खोटं बोलतोय. तो म्हणाला, आजोबा, हा इलेक्ट्रॉनिक आहे. इलेक्ट्रॉनिक असला म्हणून त्याला लाज थोडीच असते, मी म्हणालो, आणि गुडघ्यावर बसून खाली बघायला लागलो. भानगड साधी होती. जनावरं घसरू नयेत म्हणून वर चटई असते. सकाळी पातळ चटईवर शून्य लावलं, मग ती धुवायला काढली आणि जाड चटई अंथरली. शून्य पुन्हा लावायचं राहून गेलं. जाड चटईचे जादा चारशे ग्रॅम ढब्बीच्या अंगावर पडले होते.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आली. मला वाटलं, आता ओरडणार. तिनं शून्य लावलं, ढब्बीला पुन्हा ठेवलं, दोन किलो आठशे. तिनं आधी लिहिलेला आकडा खोडला. मग म्हणाली, भुलीचं औषध वजनावर मोजते मी, इतक्या अशक्त जिवाला एवढा फरक लहान नसतो, बरं झालं तुम्ही बघितलंत. जन्मभर तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलं की काळजी करून काही होत नाही. घ्या आता.

मग मी कागद काढला आणि सही केली. माझ्या सहीला वेळ लागतो, एकेक अक्षर जुळवावं लागतं. तिथं कोणी घाई केली नाही. दोन तास बाकावर बसलो. दार उघडलं आणि डॉक्टर घामेजल्या चेहऱ्यानं म्हणाली, उठली, आणि उठल्या उठल्या माझ्यावर फिसकारली. मी त्या मदतनिसाला मिठी मारली. काल ढब्बी तीन किलोला दहा ग्रॅम कमी भरली, तेही खऱ्या तराजूत. न्हावी स्वतः तिला बघायला आला आणि तिनं त्याच्या चपलेवर बसून त्याला अर्धा तास अडकवून ठेवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आठ वर्षांपूर्वी तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी असाच कागद पुढे आला होता, तेव्हा मी चष्मा विसरलो म्हणालो. चष्मा माझ्या खिशात होता. तू एकोणीस वर्षांची होतीस. तू कागद घेतलास आणि सही केलीस, आणि ती परत आली नाही. पुढे नातेवाईक बोलत राहिले की पोरीनं सही केली, आणि मी खाली मान घालून ऐकत राहिलो, कारण मान वर केली असती तर खरं सांगावं लागलं असतं. त्या कागदावर हात कसा जड होतो ते मला आता, बहात्तराव्या वर्षी, मांजरीमुळे कळलं. ती सही माझी होती, पोरी, ती तुला करावी लागली. आणि तू केलीस ते बरोबर केलंस, कारण ऑपरेशन न करता आईचे चारच दिवस उरले होते, डॉक्टरांनी ते मला एकट्याला सांगितलं होतं. हे मी येत्या रविवारी मावशीकडे सगळे जमतील तेव्हा मोठ्यानं सांगणार आहे. तू असशील तर तुझ्यासमोर, नसशील तरी सांगणार. आणि या वेळी माझा गळा दाटला तर ते थांबतील तोवर.

तुझाच घाबरट,
बाबा