डाव्या हाताखाली

बाबा,

काल संध्याकाळी तुमच्या वर्गात मी याकोबाचा धडा घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो तुमचाच वर्ग. अधारतालच्या आपल्या घरात, त्याच बैठकीत लोक पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला जमतात, आता शिकवते मी एवढंच. अब्राहाम झाला, इसहाक झाला, आणि आम्ही याकोबाच्या म्हातारपणाशी आलो. इसहाकासारखेच याकोबाचेही डोळे म्हातारपणी जातात. त्याचा मुलगा योसेफ आपली दोन मुलं आशीर्वादाला आणतो, थोरल्याला मुद्दाम आजोबांच्या उजव्या हाताशी उभं करतो, आणि म्हातारा हातांची फुली करतो. मोठ्या आशीर्वादाचा उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर जातो, थोरल्याला डावा. मी सगळं तुमच्याच थाटात सांगितलं, तुमच्यासारखी मध्येच थांबून चष्माही पुसला. मग मागच्या रांगेतल्या नर्सबाईंनी विचारलं, "दीदी, और बड़ा वाला? उसने कुछ नहीं कहा?"

मी पानं उलटून पाहिली. योसेफ नाराज होतो, म्हातारा त्याला उत्तर देतो, पण थोरला एक अक्षर बोलत नाही. इतक्या वर्षांत त्याची विचारपूस कोणी केली नव्हती, तुम्हीसुद्धा नाही. मी घाईघाईने प्रार्थना उरकून वर्ग सोडला. आपल्या घरातली थोरली मी, म्हणून लिहायला बसले आहे.

माझ्या लहानपणची रविवारची सकाळ. फॅक्टरीचा भोंगा नाही, त्यामुळे घर कसं गप्प असतं. चर्चला निघण्याआधी तुम्ही दारात उभे राहता, आम्ही दोघं आशीर्वादाला तुमच्यासमोर, मी तुमच्या उजव्या हाताशी, भाऊ डाव्या. "मी याकोब नाही," तुम्ही हसून म्हणता, "माझे हात सरळ." मग त्याला ताप आला आणि तो गेला. अजून शाळेतही नीट रुळला नव्हता. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी माझ्या जागेवर उभी राहिले, सवयीने त्याची जागा सोडून. तुम्ही हात पुढे केले आणि त्यांची फुली झाली. डावा माझ्या डोक्यावर. उजवा शेजारच्या मोकळ्या हवेत, बरोब्बर त्याच्या डोक्याच्या उंचीवर.

आई म्हणाली, "असं काहून करून राहिले तुम्ही? पोरीकडे तर पाहा."

"तिच्याजवळ आपण आहोत," तुम्ही म्हणालात. "त्याच्याजवळ कोण आहे?"

मी मात्र मनातून धुमसत होते. मेलेल्या भावाचा मला हेवा वाटला, बाबा, अगदी जिवंत भावाचा वाटावा तसा. मला मुलं झाली तर त्यांच्या वाट्याला डावा हात येऊ द्यायचा नाही, हे मी तिथेच, त्या दारात ठरवलं.

मग तो उजवा हात वर सरकू लागला. आधी मला वाटलं, माझाच भास. पण मी आठवीत असताना तो माझ्या कानाशी होता, कॉलेजात गेले तेव्हा माझ्या डोक्याच्या बरोबरीने, आणि पुढे तर तुम्हाला खांदा उचलावा लागे. एकदा चपला घालता घालता आई सहज बोलून गेली, "माझ्या भावांवर गेला. उंच होऊन राहिला." त्या दिवसापासून मी शेजारी बघणं सोडलं. काचबिंदूने तुमची नजर गेली, हात इतके कापू लागले की चहा बशीत सांडायचा. डाव्या हाताच्या कापण्याने माझा भांग विस्कटायचा. आणि वर हवेतला उजवा अगदी स्थिर. पंजा जरासा वाकलेला, खाली काहीतरी असल्यासारखा.

आज सकाळी तुमची नात नोकरीसाठी नागपूरला गेली. मला एकुलती एक, म्हणजे वाटणीचा प्रश्नच नाही. माझे डोळेही तुमच्याच वाटेने चाललेत, हातसुद्धा. ती दारात येऊन उभी राहिली. "मम्मी, जल्दी कर ना, टॅक्सीवाला हॉर्न मारून राहिला." मी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला, सरळ, फुली न करता. तो थरथरला तशी ती डोळे मिटून हसली. डावा मी पदरात धरून ठेवला होता. मग मनात आलं, तुम्ही गेल्यापासून भावाच्या डोक्यावर कोणी हात ठेवला असेल? मी डावा हात जमेल तितका वर नेला. काही नव्हतं. हायसं वाटलं, आणि हात खाली आणताना तो माझ्या खांद्याच्या उंचीवर अडला.

केस होते. टाळूवर विरळ, तुमचे होते तसे. माझा हात पोहोचावा म्हणून तो वाकला होता.

"मम्मी, दारात कोण आहे?" मुलीने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. "उजेड अडून राहिला."

"कोणी नाही. डोळे नको उघडू." माझा डावा हात कापत नव्हता.

मघाशी तिचा फोन आला, तिलवाऱ्याचा पूल ओलांडून गाव सोडलं म्हणून. घरात आता मी एकटी आहे, असं तिला सांगितलं. दाराकडे अजून पाहिलेलं नाही. भीती वाटते, ती लपवत नाही. पण एक गोष्ट सारखी आठवते आहे. मी त्याला डावा हात दिला, आणि तोही त्या थोरल्यासारखा एक अक्षर बोलला नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिते आहे. तुमचा डावा हात उबदार होता, बाबा. मला तो पुरत होता.