घरात गव्हाचा कणही नाही

३ जून
चंद्रकांताला सीलिॲक नावाचा आजार निघाला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, गहू म्हणजे हिला विषच, कणभरही पोटात जाता कामा नये. लग्नात बावन्न किलोची बायको आज अडतीसवर आहे. आतड्याला आता आराम मिळाला नाही तर पुढे कठीण आहे, हे तिच्या तोंडावरच सांगितलं. तीन महिन्यांनी परत रक्ततपासणी.
मी डगमगलो नाही. नवऱ्याची स्वतःची पिठाची चक्की असताना बायकोनं घाबरायचं कशाला? पिठातलं माझ्याइतकं अख्ख्या कारध्यात कोणाला कळत नाही.

५ जून, सकाळी ७
कणिक, रवा, मैदा, शेवया हद्दपार. डबे मी स्वतः घासले. पोळी मीही सोडली. आजन्म! चंद्रकांता म्हणाली, काहून शपथा घेऊन राहिले, पोळीशिवाय तुमाले झोप तरी येते का?

५ जून, दुपारी २
चक्कीवर गिऱ्हाईक शकुनबाईनं दळणासोबत दोन पोळ्या आणि ठेचा आणून दिला. अन्नाला नाही कसं म्हणणार? शपथ घरापुरती होती. तसं इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

१४ जून
तिचं तांदळाचं पीठ मीच दळतो. गव्हाचं दळण संपलं की आधी दोन मुठी तांदूळ घालून दगड साफ करायचा, मग तिचे तांदूळ. वडिलांपासूनची पद्धत आहे. डॉक्टर म्हणे त्या चक्कीवर दळूच नका. त्यांनी कधी चक्की चालवली आहे का?
दुपारी तीन पोळ्या. (चक्कीवर.)

२ जुलै
तिचं पोट परत बिघडलं. पाय उचलवत नाहीत म्हणते. डोकं फिरलं. सगळं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं आणि गुन्हेगार सापडला. हिंग! डबीवर बारीक अक्षरात छापलंय, गव्हाचं पीठ. डबी बाहेर फेकली. प्रकरण मिटलं.

१९ जुलै
प्रकरण मिटलेलं नाही. पण आज खरं कारण समजलं. सासूबाई एकोडीहून आल्या. त्यांच्याकडे रोज पोळ्या होतात, म्हणजे लुगड्यावर, पिशवीवर गहू असणारच. दारातच हातपाय धुवायला लावले. त्या म्हणाल्या, जवाईबापू, तुमच्या भोवयाईवर पीठ बसून हाये, ते पाहा आधी. विषय बदलायची त्यांची जुनीच सवय.

११ ऑगस्ट
चक्कीवरून आलो की आधी तिचं ताट वाढतो, मग आंघोळ. तिचं पहिलं, माझं नंतर. असा नवरा शोधून सापडणार नाही. पण ती ताटाकडे नुसती पाहत बसते. म्हणाली, मले आता जेवाचीच भीती वाटते. मलाही भीती वाटली, पण दाखवली नाही. अजून थोडा भात वाढला.

४ सप्टेंबर
रिपोर्ट आला. रक्तातला आकडा जिथल्या तिथे. वजन सदतीस. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? ताठ बसून सांगितलं. ते बराच वेळ माझ्या शर्टाकडे पाहत राहिले.
घरी येऊन चंद्रकांतानं पिशवी भरली. एकोडीले जाते, म्हणाली, मले जगाचं हाये. मी बजावलं, तिथे सगळे पोळ्या खातात, आठवड्यात आणखी आजारी होशील.

२६ सप्टेंबर
फोन आला. वजन एकोणचाळीस! सासूबाई तिचं वेगळ्या चुलीवर रांधतात, तिच्या भांड्यांना लाल दोरा बांधलाय. बाकीचे पोळ्या खातातच.
एकोडीचं पाणी चांगलं असावं.

२ ऑक्टोबर, एकोडी
तिला आणायला आलो. चक्की बंद करून थेट गाडीवर, सोबत तिच्यासाठी ताजं दळलेलं पाच किलो तांदळाचं पीठ. ती अंगणात जेवत होती. गाल भरलेत. किती दिवसांनी ती पोटभर जेवताना दिसली. मी पुढे झालो तशी ती ताट पदराखाली झाकून मागे सरकली.
त्या घरात सगळे गहू खातात. इतके दिवस तिथे नव्हतो तो एकटा मी. हे मला तिथे, अंगणात, उभ्या उभ्या कळलं. लाज वाटली.
सासूबाईंनी बादली आणि साबण पुढे ठेवला. विहिरीपाशी बसलो. पायाजवळून पांढरं पाणी वाहत होतं. चौथ्या बादलीनंतर विचारलं, आता येऊ का?
चंद्रकांतानं दारातूनच पाहिलं. म्हणाली, अजून एक घ्या.